अष्टमीचं उधाण

साकीनाक्याच्या कारखान्यात लवू राण्यांनी तेहतीस वर्षं लेथ चालवली. सुताइतका फरक त्यांच्या बोटाला कळायचा. निवृत्त झाल्यावर तेच बोट पुस्तकांवरून फिरू लागलं आणि लेखकांची वाट लागली.

वाचनालयाचं कार्ड एक, वाचक दोन. दुसऱ्या म्हणजे चारकोपच्या बाजारात मासे विकणाऱ्या जानकीबाई, लवूंच्या दिवंगत दोस्ताची, खंडूची बायको. लवू आधी वाचत, जिथे लेखक घसरला तिथे कागदाची पट्टी खोचत आणि पुस्तक बाजारात नेऊन देत. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की जानकीबाई हात धुऊन चष्मा लावत.

पोयसर नदीच्या इतिहासावरचं पुस्तक मात्र जानकीबाईंनीच मागितलं होतं. त्याचा लेखक मागे त्यांच्याकडे दोन दुपारी बसला होता. तळलेले बोंबील खात त्याने, बाईंचे वडील अनंता कोळी नदीच्या मुखाशी कुठे जाळं लावत, ते वहीत उतरवून घेतलं होतं. "बापलेकीचं नाव छापून येईल," म्हणाला होता. बाईंना लोभ नव्हता. बापाचं नाव एकदा कागदावर दिसावं, एवढंच.

लवूंनी तीन दिवसांत पुस्तक संपवलं. पहिली सव्वाशे पानं गंगा, सिंधू आणि मानवी संस्कृती. मग पोयसर आली, तीही कुठल्याशा साहेबाच्या अहवालातून. फोटोंत लेखक पुढे, नदी त्याच्या पाठीआड. अनंताचा पत्ताच नाही. आभाराच्या पानावर शेवटी, छापखान्याच्याही खाली, 'एक स्थानिक कोळी भगिनी'. त्या पानात पट्टी खोचायला लवूंचा हात धजला नाही.

"घ्या वैनी," ते बाजारात म्हणाले. "ह्या मेल्यान नदी पुलावरनंच बघितली. नाय वाचलंत तरी चालात."

"तुमचं नेहमीचंच, भावजी. तुम्हाला कुणाचं आवडलंय?"

जानकीबाईंनी थेट आभाराचं पान काढलं. बोट एकेका नावावरून खाली आलं, तळाशी थांबलं. लवू पापलेटांकडे बघत राहिले.

मग बाई नदीच्या मुखाचं प्रकरण काढून वाचू लागल्या आणि एका ओळीवर अडल्या. पुन्हा वाचली, मोठ्याने.

"'अष्टमीच्या प्रचंड उधाणात कोळ्यांच्या होड्या नदीत शिरत.' अष्टमीला?"

"चुकलं काय?" पट्टी तिथे नव्हती. लेथवाल्याला भरतीतलं काय कळणार!

"अहो, उधाण पुनवेला, अवसेला. अष्टमीला भांग असतो, पाणी मेलेलं. आमची पाच वर्षांची पोर सांगेल! मी त्याला दोनदा सांगितलं, त्याने मान हलवली आणि बोंबील उचलला."

शेजारची कोळीण कल्पिता वाकून बघत होती. "वयनी, तुझं नाव येणार होतं ना गं यात?"

लवूंनी पुन्हा पापलेटांकडे नजर वळवली.

"नाही आलं," जानकीबाई म्हणाल्या. "वाचले बाई! अष्टमीचं उधाण अनंता कोळ्याच्या पोरीने सांगितलं, असं छापलं असतं, तर माझा बाप वरून जाळं टाकून मला ओढून घेऊन गेला असता."

मग त्यांनी लवूंकडून कागदाची एक पट्टी मागून घेतली आणि त्या ओळीवर स्वतः खोचली.