निळा रंग न घेतलेल्या पेशी

रत्नागिरीत मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीपटलाच्या धड्यात ग्लायकोलिपिडवर एकच ओळ आहे. तिच्यावर मी मुंबईत सहा वर्षं घालवली, हे वर्गात सांगत नाही.

ग्लायकोलिपिड म्हणजे साखर जोडलेली चरबी. पेशीच्या आवरणात ती बाहेरच्या अंगाला बसलेली असते. माझे पीएचडीचे सर म्हणायचे, ही नुसती ओळखीची पाटी. पेशीचा आकार सांभाळतो तो आतला सांगाडा. याच मतावर त्यांचं नाव झालं होतं.

मी रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घेतल्या आणि औषध घालून त्यांच्यात ग्लायकोलिपिड तयार होणंच थांबवलं. एरवी या पेशींच्या अंगावर बारीक बोटं असतात. त्यांनीच त्या समोरचं चाचपतात. चौथ्या दिवशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर बोटं गायब. पेशी फणसाच्या सोललेल्या आठळीसारख्या गुळगुळीत.

सरांनी फोटो पाहून बाजूला सारला. "मेल्यात या. हात जड आहे तुझा."

मेलेली पेशी निळा रंग आत घेते. माझ्या पेशी रंगात घालून पाहिल्या, स्वच्छ राहिल्या. प्रयोग तीनदा केला. मग तेच ग्लायकोलिपिड बाहेरून परत दिलं, आणि बोटं पुन्हा उगवली. त्या दिवशी मी सरांच्या खोलीत जवळजवळ पळतच गेले.

सर शांत होते. "तुला थीसिस पूर्ण करायचाय ना?"

"हो, सर."

"मग हे प्रकरण काढून टाक."

मी काढलं. प्रयोगाच्या वहीत कारण लिहावं लागतं. 'पेशी मृत, प्रयोग रद्द' असं माझ्याच हातानं लिहून खाली सही केली. सर तेव्हा समोर नव्हतेसुद्धा.

मी इथं नोकरीला लागल्यावर तीन वर्षांनी परदेशातल्या एका प्रयोगशाळेचा शोधनिबंध वाचायला मिळाला. तेच औषध, तशाच गुळगुळीत पेशी, बाहेरून दिल्यावर परत आलेली बोटं. मी तो सरांना पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"बघ, यात काहीतरी आहे असं मला तेव्हाच वाटलं होतं. तू नेट धरायला हवा होतास."

मी म्हटलं, "हो, सर."

त्या रविवारी नाटे गावी, आमच्या घरी गेले. बाबांचं अख्खं आयुष्य मासेमारीच्या लाँचवर गेलेलं. त्यांना सगळं सांगितलं. इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मेल्या व्हत्या काय त्या पेशी?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. जिवंत होत्या."

"मग खोटं कशाला लिवलंस गो बाय?"

मला वाटलं होतं, ते सरांना शिव्या देतील. ते उठून हात धुवायला गेले. जेवताना आईशी बोलले, माझ्याशी नाही.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. समारंभाला मी रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले. जुन्या विद्यार्थ्यांनी एकेकानं बोलायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "सरांनी आम्हाला पुराव्यावर विश्वास ठेवायला शिकवलं." टाळ्या पडल्या. सरांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले होते, मी जवळून पाहिलं.