जिन्याला चिकटलेली आठ माणसं

जिन्यावरून पडलेली माणसं सगळ्यांनीच पाहिलेली असतात. जिन्याला चिकटलेली आठ माणसं मात्र मी पाहिली आहेत, आणि ती मीच चिकटवली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अमेरिकेत, ॲन आर्बरला इंजिनिअरिंग शिकत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे आपल्याला पुष्कळ कळतं असं मला वाटायचं. (इतरांनाही वाटायचं. तेच वाईट.) शनिवार-रविवार मी भालेराव काकांकडे असायचो. काका वडिलांचे नागपूरचे मित्र. नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, पण सगळा जीव तळघरातल्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये. तिथं उतरायचा जुना जिना इतका खिळखिळा, की एकदा काकू कपड्यांच्या टोपलीसकट घसरत थेट वॉशिंग मशिनपाशी पोचल्या. त्यांनी तिथूनच निकाल दिला.

"नवा जिना करा! आणि तो जरा जरी हलला ना, तर तुमची सगळी हत्यारं गराज सेलमध्ये विकून टाकीन. खाली टेबल टेनिस येईल!"

"येस!" त्यांची बारा वर्षांची लेक मीनल वरून ओरडली.

काकांचा चेहराच उतरला. पण कामाला लागल्यावर त्या माणसाला बघत राहावं! प्रत्येक फळी बंदुकीसारखी डोळ्याला लावून बघायचे, तीनदा मापायचे, मग एकदाच करवत.

"काका, एवढी जाड फळी कशाला? गणितानं निम्मी जाडी पुरते," मी चाचरत म्हणालो.

"गणिताच्या जिन्यावर तू चढ. माझ्या जिन्यावरून तुझी काकू उतरणार आहे."

सहा आठवड्यांत तेरा पायऱ्या झाल्या. उंची एकसारखी, कुठं केसाचा फरक नाही. मी प्रत्येक पायरीवर उड्या मारून पाहिल्या. आवाज फक्त माझ्या गुडघ्यांचा आला! गुरुवारी काकांनी व्हार्निशचा शेवटचा हात दिला. रविवारी त्यांच्याकडे बुद्धवंदना होती, आणि त्यानंतर पाहुण्यांसमोर काकू जिन्याची परीक्षा घेणार होत्या.

एवढ्या सुंदर कामात माझा वाटा काय, तर स्क्रू हातात देणं. मला फार वाईट वाटलं. म्हणून रविवारी सकाळी, कुणालाही न सांगता, मी आणखी एक हात मारला. जाडसर. कठड्यालासुद्धा! डब्यावर लिहिलं होतं, चार तासांत वाळतं. (खाली बारीक अक्षरांत उबदार, कोरड्या हवेबद्दलही काही होतं. ते मी नंतर वाचलं. मिशिगनचा जानेवारी होता आणि तळघरात श्वासाची वाफ दिसत होती.)

वंदना झाली. उदबत्तीच्या वासात व्हार्निशचा वास कुणाला आला नाही. "चला, जिना बघा!" काका म्हणाले. बूट सगळ्यांचे दाराशी. आपल्या घरात बूट घालून कोण फिरतं? सगळे मोज्यांवर. पुढे काका, मग काकू, मग मीनल, मागून पाच पाहुणे. खालच्या पायरीवर थांबून काका मागे वळले आणि एकेका सांध्याबद्दल बोलू लागले. दहा मिनिटं! सगळे कौतुकानं उभे.

"अहो, माझा पाय उचलत नाहीये," काकू म्हणाल्या.

"गुडघा धरला का?"

"गुडघ्यानं नाही, जिन्यानं धरलाय!"

"डॅड! आय ॲम स्टक!"

पाहुण्यांतल्या धिप्पाड रामटेके काकांनी जोर लावला. पाय आला, मोजा राहिला. तोल सांभाळायला त्यांनी कठडा धरला, तर हातही तिथंच! सगळी रांग पुढं झुकली, मागं आली, पुन्हा पुढं. मी मदतीला धावलो आणि वरच्याच पायरीवर रुतलो.

काकांनी खालून माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"एकच हात, काका. म्हणजे... दोन असतील."

काकू चिकटल्या जागी कमरेतून जोरजोरात हलत होत्या. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मला वाटलं, संताप.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "एवढी माणसं ह्याच्यावर नाचतायत, आणि हा हूं की चूं करत नाही हो!"

"म्हणजे... वर्कशॉप?"

"राहू दे. जिना पास!"

काकांचे डोळे भरून आले. (व्हार्निशमुळे, असं ते आजही सांगतात.) मग काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"इंजिनिअर नापास!"

निकाल मला मान्य होता. नसता तरी अपील करायला मला हलता येत नव्हतं.