उरलेले सात मणी
आज कपाट आवरताना लाकडी मण्यांची माळ सापडली. तुमची मामेबहीण सहा वर्षांची असताना मी तिला जळगावात बोटांच्या थेरपीला न्यायचे. तिथल्या ताई ढोलकी वाजवायच्या आणि ठेक्यागणिक तिने एक मणी ओवायचा. घरी रोज दहा ओवायचे होते. तिसऱ्यालाच ती म्हणे, "आजी, झालं माझं." मला अर्धवट काम खपत नसे, म्हणून उरलेले सात मीच ओवायचे. "वा अक्का, पोरीची बोटं सुधारली!" पुरी माळ बघून मला असं म्हणत ताईंनी तिला बारीक मणी दिले, ठेका वाढवला. तिने मण्यांचं ताट भिरकावलं, कान झाकले. पुढे ढोलकी दिसली तरी किंचाळायची. "मुलगी सहकार्य करत नाही," असं ताईंनी फाईलमध्ये लिहिलं, तेव्हा मी शेजारीच बसले होते. ते वाक्य तिच्यामागे शाळेपर्यंत गेलं. ते सात मणी मी ओवायचे, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.