दूरच्या लढाईचं अनुष्ठान

अमेरिकेत लढाई पेटली आणि अकोल्यात सणासुदीसारखी धांदल उडाली. आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. तिकडचा कापूस अडला, विलायतेतल्या गिरण्या बसल्या आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. राज्य म्हणायला हैदराबादचं, हुकूम साहेबाचा. आणि साहेब घोड्यावरून गावोगाव सांगत फिरे, कापूस लावा. लोकांनी ज्वारीची वावरंसुद्धा कापसाखाली घातली. पोटाचं धान्य सोडून परक्याच्या गिरणीसाठी पिकवायला लावायचं, हे कसलं राज्य, असं मला तेव्हाही वाटे. पण बायकांना कोण विचारतो!

माझे यजमान मोर्णा नदीकाठच्या महादेवाचे पुजारी. पातूरच्या वाटेवरच्या एका गावचे पाटील त्यांचे जिवाचे मित्र. लहानपणी दोघं एकाच डोहात पोहायला शिकलेले. बाजाराच्या दिवशी पाटील आमच्या ओसरीवर येत. आमचे हे कापसाच्या अडत्याकडून मागून आणलेलं मुंबईचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, आणि मी आत भाकऱ्या थापताना ऐकत असे.

"माणसं विकत घेऊन राबवायची की नाही, यावरून भांडण आहे तिकडे," हे एकदा म्हणाले. "त्यांना सोडवणारे जिंकले पाहिजेत."

"जिंकू दे ना," पाटील म्हणाले, "पण सावकाश. आमचा कापूस निघू दे."

दोघं हसले. आत मीही हसले.

मग लढाई संपत आल्याची बोलवा उठली. त्या दिवशी पाटील आले ते ओसरीवर टेकलेसुद्धा नाहीत.

"गड्या, महादेवाले अनुष्ठान करायचं हाये. लढाई आणखी चालली पायजे, असा संकल्प सोड."

"हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"काहून? पावसासाठी करतोच ना? त्या पावसात कोनाचं घर वाहून जाते, ते इचारलं कधी?"

"पाऊस मागतो मी. माणसं मरू देत, असं नाही मागत."

इथवर ठीक होतं. यांचं म्हणणं मला पटलंही होतं. पण पुढच्याच बाजारी, कापसाच्या गाड्यांमध्ये, सगळ्यांदेखत हे ओरडले, "या पाटलाला परक्यांची मढी विकायची आहेत!" पाटलांनी नुसतं पाहिलं, फेटा सारखा केला आणि गाडी जुंपायला सांगितली.

"खरं बोललात, पण चारचौघांत कशाला?" मी जेवताना म्हटलं.

"खरं काय कोपऱ्यात बोलायचं?"

पाटलांनी अमरावतीहून दुसरे भटजी आणून अनुष्ठान केलं. आम्हाला बोलावणं नव्हतं. पाटलीणबाई हळदीकुंकवाला येईनाशा झाल्या.

लढाई संपायची ती संपलीच. अडत्याच्या दारात कापसाच्या गाड्या तशाच उभ्या राहिल्या, कोणी भाव बोलेना. बातमी कळताच हे पायी पाटलांच्या गावी गेले. मला हायसं वाटलं. पण दिवस मावळायच्या आत परतले.

"'झालं ना तुह्या मनासारखं? जाय आता,' म्हणाला," यांनी सांगितलं. "मी काही जिंकलो म्हणून गेलो नव्हतो."

"मग तसं बोललात का त्यांना?"

हे पाय धुवून संध्येला बसले.

काही वर्षांनी अमरावतीला देवीच्या देवळात पाटलीणबाई भेटल्या. त्यांनी माझा हात धरला. "कुठं लढाई लागली, असं कानावर आलं, का आमचे हे मनतात, आता तो भटजी काय बोलत असन?"

घरी येऊन मी यांना सांगितलं. यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं.

"जा की मग," मी म्हटलं.

"वेचणी चालू आहे. त्याला सवड नसेल. आटोपू दे."

वेचणी आटोपायच्या आधीच पाटील गेल्याचा निरोप आला.

बाराव्याला आम्ही दोघं गेलो. विधी सांगायला दुसरे भटजी होते. हे मांडवात एका कडेला बसले. फ्रान्सात पेटलेल्या नव्या लढाईची बोलणी माणसांत चालली होती. कोणीतरी यांच्याकडे वळून विचारलं, "महाराज, तुमाले ठाव असन. यात खरा कोन?"

"मला नाही सांगता येत," हे म्हणाले आणि पाटलांचा मुलगा पिंड ठेवत होता, तिकडे पाहत राहिले.