केवडेबागेतला सुखदेव

आमच्या केवडेबाग कॉलनीत केवडा नाही. पूर्वी इथे कुणा सरदाराची बाग होती, विहीर होती, मोट होती, असं जुनी माणसं सांगत. पुढे बागेचे प्लॉट पडले, बंगले उठले; पण कडेची मोठी झाडं कोणी तोडायची नाहीत, असं घेणाऱ्यांनी आपसात ठरवलं. म्हणून आजही डेक्कनकडून रिक्षा आत वळली की हवा बदलते. परगावची माणसं फोटो काढतात. आम्ही त्यांना गाडी पुढे घ्यायला सांगतो.

ही हवा आम्ही राखली, असा आमचा समज आहे. राखली सुखदेवने. एकतीस वर्षांपूर्वी तो वाशीमहून कारखान्यात कामाला आला, कारखाना बंद पडला आणि हा आमच्या अकरा बंगल्यांचा माळी झाला. बोलणं अजून वऱ्हाडीच. झाडाला खिळा ठोकलेला त्याला बघवत नाही. क्लासवाले, पीजीवाले येऊन पाट्या ठोकून जातात. हा सकाळी पक्कड घेऊन फिरतो, खिळे उपसतो, भोकात शेणमाती भरतो. झाडाला काय कळतंय, असं मी एकदा म्हणाले, तर तुमच्या हाताला ठोकून बघू का, असं त्याने विचारलं. मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

चार नंबरच्या फाटकाशी बुचाचं झाड होतं. त्याच्या लांब देठांच्या फुलांची दोऱ्याशिवाय वेणी होते. निम्म्या कॉलनीचं बालपण त्याखाली गेलं. बंगल्याचे मालक श्रीधरपंत वारले, त्यांच्या आमोदने बंगला बिल्डरला दिला आणि नव्या नकाशात पार्किंगची वाट नेमकी बुचातून निघाली. झाड वाचवायचंच, असं आम्ही ठरवलं. हरकतीचा अर्ज मी लिहिला. बँकेत पस्तीस वर्षं काढल्याने तेवढं येतं. एकेचाळीस सह्या झाल्या. महापालिका झाडावर नोटीस लावते, मग सात दिवसांत हरकत द्यायची. नोटिशीवरचा क्रमांक अर्जात घातला की झालं. मी रोज संध्याकाळी खोड बघून येत होते. खोड कोरं, मी निर्धास्त.

एका मंगळवारी सकाळी यांत्रिक करवतीचा आवाज आला. मी अनवाणीच धावले. मुकादमाने शांतपणे परवानगी दाखवली. नोटीस बारा दिवसांपूर्वी लागली होती, हरकत आली नव्हती. नोटीस लागलीच नाही, मी रोज बघतेय, असं मी चांगलाच आवाज चढवून सांगितलं.

तेवढ्यात सुखदेव त्याच्या शेडमधून आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद, चारी कोपऱ्यांना भोकं.

"हाच पायजे होता का, ताई?" त्याने विचारलं. "शिक्का होता, म्हनून जपून ठेवला."

खिळे त्याने पहिल्याच सकाळी काढले होते. त्याला वाचता येतं. पण 'उपरोक्त वृक्ष' म्हणजे आपलं बुच, हे त्याला कसं कळावं? झाडांची मोजणी चालली असेल, असं त्याला वाटलं होतं. आणि आता तो कागद दाखवला की माणसं परत जातील, अशा भरवशाने तो माझ्याकडे बघत होता.

एक दिवस थांबा, म्हणून मी मुकादमाची विनवणी केली. आपण साहेबांशी बोला, तो म्हणाला. साहेबांनी फोन उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि मुदत संपल्याचं सांगितलं. त्यांचं काही चुकत नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला.

मग मी सुखदेवला सगळं समजावलं. नोटीस, सात दिवस, अर्ज. सांगता सांगता लक्षात आलं, हे मी त्याला पहिल्यांदाच सांगतेय. सह्यांसाठी मी अकराही बंगले फिरले होते. दोन ठिकाणी तो वाफ्यात बसलेला होता. मी त्याला फक्त फाटक लावून घे म्हणाले होते. मला माझीच लाज वाटली.

पहिली फांदी खाली आली. सुखदेवने कागदाची घडी पुन्हा नीट घातली.

"मले कोनी सांगतलं असतं," तो म्हणाला, "त मी झाडावरच या कागदाची राखन केली असती, ताई."

दुपारी एकपर्यंत ट्रक भरला.