इंद्रपुरीतलं माहेरपण

आमची गाडी सकाळी भोपाळला पोचली तेव्हा थंडी अशी की फलाटावरचे हमालही कानटोपीतूनच बोलत होते. मी साताऱ्याचा शाळामास्तर, मध्य प्रदेशात पहिल्यांदाच येत होतो. बरोबर बायको, विदुला. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि निघालो होतो तिच्या हुकलेल्या सासरी.

विदुलाचा साखरपुडा आधी हेमंतशी झाला होता. तो फौजेत लेफ्टनंट होता. लग्नाची तारीख धरायच्या आत तो डोंगरातल्या लढाईत गेला. त्याचे आईवडील, विदुला त्यांना काका-काकू म्हणते, मूळचे नागपूरकडचे. काका इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात फोरमन होते. निवृत्तीनंतर वसाहतीतलं क्वार्टर सोडून शेजारच्या इंद्रपुरीत राहायला आले. आमच्या लग्नाचं कळल्यावर काकूंनी फोनवर विदुलाला सांगितलं, "जावयाला घेऊन माहेरपणाला ये." मी उत्साहाने तिकिटं काढली खरी, पण एक प्रश्न सुटेना. शहीद झालेल्या माणसाच्या घरी जावई म्हणून कसं वागायचं, हे कोणाला विचारणार?

काकूंनी दारातच थांबवून आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. विदुला त्यांच्या गळ्यात पडली. मी वाकून नमस्कार केला तर काका म्हणाले, "या जावईबापू! पहाटेपासून दार उघडं ठेवून राहिली ही. मी थंडीनं मरून राहिलो!"

बैठकीत हेमंतचा गणवेशातला फोटो होता. कोवळा चेहरा, मिशी नुकतीच फुटलेली. मी त्याच्याकडे बघतोय हे काकूंच्या लक्षात आलं.

"हार नाही घालत जी आम्ही. फुलं जवळ आली की शिंकत सुटायचा. साखरपुड्यातही तेच!"

दुपारी गोळाभात होता (बेसनाचे गोळे घालून शिजवलेला भात, वरून कडकडीत फोडणीचं तेल). मी संकोचाने थोडाच घेतला. "चिमणीसारखं काय खाऊन राहिले?" म्हणत काकांनी पानात डोंगर रचला. उठता उठवेना.

संध्याकाळी काकांनी माझ्या हातात स्कूटरची किल्ली दिली. "चला, वसाहत दाखवतो." रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, एकसारखी क्वार्टर्स, अंगणात वाळत घातलेले निळे कामाचे कपडे. भोंगा झाला आणि पाळी सुटलेल्या सायकलींचा लोंढा रस्त्यावर आला. नेमकी तेव्हाच, भर चौकात, स्कूटर बंद पडली. मी किक मारमारून घामाघूम. सायकलवाले वळसे घालून हसत जाऊ लागले. कचोरीच्या गाडीवरचा म्हातारा झारा हातात घेऊनच धावला.

"अरे खाँ," तो भोपाळी थाटात ओरडला, "ये तो हेमू की स्कूटर है! आज भी यहीं रुकी!" (आजही इथेच थांबली!)

पेट्रोल उतरावं म्हणून स्कूटर एका बाजूला कलती करत त्याने हकिगत सांगितली. हेमू पहिल्या सुट्टीत कडक गणवेशात, होणाऱ्या बायकोला मागे बसवून ऐटीत निघाला आणि याच चौकात अडकला. कारखान्याच्या फाटकापर्यंत बिचाऱ्याने स्कूटर ढकलत नेली. सांगून झाल्यावर, मी कोण ते काकांकडून कळताच, त्याने कचोऱ्यांचा पुडा माझ्या हातात कोंबला. "बहूरानी को देना." (सूनबाईंना द्या.)

घरी येऊन मी ती गोष्ट सांगितली. भीतभीतच. विदुला एकदम उसळली.

"खोटं! ढकलत मी होते! हेमंत पुढे चालत होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला, तो ह्याने रुबाबात घेतला. आणि मी मागे साडीत, घामानं निथळतेय!"

काकूंना हसून हसून ठसका लागला. काका डोळे पुसत होते. पाणी हसण्याचं की कसलं, ते विचारायची गरज नव्हती. मीही हसलो. लग्नानंतर तिच्या तोंडून हेमंतचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी काकू डबा भरत होत्या. विदुला बाहेर काकांशी बोलत होती. काकूंनी हळूच विचारलं, "तुमच्यासमोर ती त्याचं नाव काढते का जी?"

"काल काढलं. त्याआधी नाही."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून काढत नसेल. तर मग तुम्हीच काढत जा. नाहीतर त्याच्यावर हसणारे आम्ही दोघं म्हातारेच उरू."

मी मान हलवली आणि डबा घेतला.

दुपारच्या गाडीने परत निघालो. भोपाळ मागे पडलं, सागाचं जंगल सुरू झालं. विदुला खिडकीतून बाहेर बघत होती. मी विचारलं.

"हेमंतला गाता यायचं का गं?"

तिने झटकन माझ्याकडे पाहिलं.

"गायचा," ती म्हणाली. "तो गायला लागला की काकू कुकर लावायच्या. शिट्ट्यांत बुडावं म्हणून."

मग ती बोलतच राहिली. बोगदे आले, नर्मदेचा पूल आला, तरी तिचं संपेना. मध्येच रडली, पदराने नाक पुसून पुढे सांगू लागली. मी ऐकत होतो, आणि मध्येमध्ये विचारत होतो, मग पुढे?

साताऱ्यात लोक विचारतात, भोपाळला काय काय पाहिलंत? मोठा तलाव? सांचीचे स्तूप? मी म्हणतो, काही नाही हो. सासुरवाडीला गेलेला जावई जेवतो आणि झोपतो, गाव कुठे बघतो!