जीन कुणाकडचं?

शनिवारी आमच्या थेरगावच्या घरात एका जीनवरून भांडण झालं. खरंच... जीनवरून.

नवरा चाकणला कंपनीत. मागच्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दुखण्यासाठी अफूच्या जातकुळीतल्या गोळ्या दिल्या होत्या. खांदा बरा झाला, पण गोळ्या सुटेनात... गोळीशिवाय शिफ्टला उभं राहवेना. आता डॉक्टर डोस हळूहळू कमी करतायत आणि माझा जीव टांगणीला लागलाय.

त्यात हिंजवडीवाल्या दिरांनी हौसेने नवऱ्यासाठी लाळेवरून जीन तपासायची टेस्ट मागवली. रिपोर्टमध्ये एक ओळ होती... एका जीनचा वेगळा प्रकार सापडला, अशा औषधांची सवय लागण्याचा धोका जास्त असू शकतो. 'असू शकतो' हे दोन शब्द सोडून बाकीचं सगळ्यांनी वाचलं.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या माहेरात असलं कुणाला न्हाई." झालं... सासऱ्यांच्या बहिणीने, म्हणजे आत्याबाईंनी, सासूबाईंच्या भावाची तंबाखू काढली. सासूबाईंनी आत्याबाईंच्या चुलत्याची दारू काढली. दोघेही बिचारे कधीच वारलेत.

आणि नवरा? "रक्तातच हाय म्हटल्यावर मी तरी काय करणार?" माझं डोकंच फिरलं. इतके दिवस नेटाने गोळ्या कमी करणारा माणूस एका कागदापुढे हातपाय गाळून बसला.

सोमवारी तो कागद घेऊन दोघं डॉक्टर मॅडमकडे गेलो. अशा एका जीनचा परिणाम असलाच तर थोडासा, त्यावरही संशोधकांचं एकमत नाही, त्यावरून कुणाचं काही ठरत नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग माझ्याकडे वळल्या. "घरात उरलेल्या गोळ्या कुठे ठेवता?"



आमच्या फ्रिजवर श्रीखंडाचा रिकामा डबा आहे. कुणाचंही उरलेलं औषध त्यात टाकायचं, 'लागेल कधी' म्हणून... हा नियम माझाच. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची, तसल्याच गोळ्यांची अख्खी स्ट्रिप मीच त्यात ठेवली होती. शेजारी नवऱ्याने मान खाली घातली.

घरी येऊन पाहिलं, तर स्ट्रिपमध्ये दोनच गोळ्या उरल्या होत्या. त्या मॅडमकडे नेऊन दिल्या. त्यांनी तो प्रश्न विचारला, त्याबद्दल त्यांचे किती आभार मानू कळत नाही.

परत आले तर सासूबाई दारातच. "काय म्हणल्या डॉक्टरीणबाई? कुणाकडचं निघालं?"

म्हटलं, "जीनचं माहीत नाही, आई. डबा माझा होता."